बारावी झाली, "खेळातच काहीतरी करायचंय" म्हणते. पदवी कशाची घ्यावी?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलीची बारावी झाली, शास्त्र शाखा, जीवशास्त्र घेऊन. पाचवीपासून खो-खो खेळते. दोनदा राज्य स्पर्धा खेळली, एकदा राष्ट्रीयला महाराष्ट्राच्या संघात होती, पण तिथे बहुतेक वेळ राखीवमध्येच गेला. अकरावीत दिवाळीनंतरच्या एका सामन्यात खुंटाला वळसा घेताना डावा पाय मातीत रुतला. ती म्हणते, आतून 'टक्' असा आवाज आला. मला बाहेरून एवढंच दिसलं की ती खाली बसली. संरक्षण करणारी मुलगी मैदानात खाली बसत नाही, त्यामुळे मी चपला न घालताच धावले. गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा अस्थिबंध, तुटला होता. ऑपरेशन झालं, मग वर्षभर फिजिओथेरपी.

त्या वर्षभरात एक गोष्ट घडली, तिच्यामुळेच हा धागा. फिजिओचे सर तिला एका पायावर लांब उडी मारायला लावायचे, आधी चांगल्या पायाने, मग ऑपरेशनच्या. जमिनीवर पांढरी चिकटपट्टी, शेजारी टेप. ही आकडे स्वतःच जर्नलच्या मागच्या पानावर लिहू लागली. उजवा १५१ सें.मी., डावा १२८. तिथेच भागाकार करून म्हणाली, "८४.८ टक्के. नव्वद झाल्याशिवाय सर सोडणार नाहीत." पुढे पुढे तर शेजारच्या रुग्णांचेही आकडे लिहून द्यायची. एका आजींना तर व्यायाम मोजून घ्यायची, "आजी, आठच झाले, दोन राहिले."

आता घरात तीन मतं आहेत. हे कुपवाडच्या एमआयडीसीत आहेत, त्यांचं म्हणणं, डिप्लोमा किंवा कसलंही इंजिनिअरिंग कर, खेळ संध्याकाळी. सासूबाई म्हणतात डी.एड. आणि ही म्हणते, "खेळातच काहीतरी." म्हणजे नेमकं काय, ते तिलाही सांगता येत नाही. एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक घेऊन आलीय. त्यात क्रीडा विज्ञान आणि क्रीडा व्यवस्थापन असे दोन कोर्स आहेत, फीचा आकडा वाचून ह्यांनी ते पत्रक उलटं ठेवलं. नीट दिलीय, पण मार्क बेताचेच येतील. एमबीबीएसचा प्रश्नच नाही.

खेळातल्या माणसांनी जरा खरं खरं सांगा.

खवट

खो-खोत करिअर? ताई, या देशात क्रिकेट सोडून बाकी सगळा छंद आहे. आयटी करा, शनिवारी खेळा.

शिट्टी

खवटराव, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. छंद म्हणा हवं तर, पण माहिती घेऊन म्हणा.

ताई, मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. एकोणीस वर्षं झाली, सोलापूर जिल्ह्यात आहे. माझ्या मार्गाबद्दल लिहितो, बाकीचे त्यांच्या त्यांच्याबद्दल लिहितील.

'खेळात काहीतरी' म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं बी.पी.एड.चं. ते बारावीनंतर नाही, आधी कुठलीही पदवी, मग सीईटी (मैदानी चाचणीसह) आणि दोन वर्षं. म्हणजे पाच वर्षं. त्यानंतर अनुदानित शाळेत लागायचं तर अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल आणि जागा निघण्याची वाट. लागलाच तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला महिना १८,००० मानधन. हा आकडाही २०२३ मध्ये वाढून झालेला आहे. आमच्या वेळचा सांगत नाही, लाज वाटते.

आणि काम? मला खेळ शिकवायला मिळतो आठवड्यातले मोजके तास. बाकी वेळ ऑफ तास सांभाळा, मिरवणुकीत शिट्टी वाजवा, शिक्षक रजेवर असला की त्याच्या वर्गावर जा. मे महिन्यात मैदानावर जे करतो तेच माझं खरं काम, आणि त्याचा पगार नसतो. तरी मी ही नोकरी सोडणार नाही. माझ्या शाळेच्या तीन मुली पोलिसात आहेत. पण 'खेळाची आवड आहे म्हणून बी.पी.एड.' असं कोणी म्हणालं की मी त्याला आधी एक दिवस माझ्याबरोबर फिरायला बोलावतो.

करायचंच असेल तर मात्र चांगल्या ठिकाणी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ ला बर्लिनला जाऊन त्यांनी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. पुण्यात चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय. बारावीनंतर थेट जायचं तर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था, तिथे मैदान आणि शरीरशास्त्र दोन्ही घासून घेतात.

लालमाती

सरांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१.

गुडघेदुखी

रानजाई ताई, तुमची पोस्ट वाचून मी चहा बाजूला ठेवला. मी फिजिओथेरपिस्ट, बारा वर्षं झाली, त्यातली पाच एका कबड्डी अकादमीत आणि बाकी माझ्या क्लिनिकमध्ये.

आधी चांगलं सांगते. बी.पी.टीएच. (फिजिओथेरपीची पदवी) केलं की तुमची मुलगी 'खेळात' काम करो न करो, तिच्या हाताला काम राहतं. खेळाडूंचे गुडघे नसतील तेव्हा आजींचे असतात. हे मी हसत लिहितेय, पण माझ्या क्लिनिकचं भाडं आजीच भरतात. महाराष्ट्रात प्रवेश नीटवरून, सीईटी सेलच्या फेऱ्यांतून. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पदवी. आमच्या वेळी चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप होती, आता नव्या अभ्यासक्रमात ते पाच वर्षांवर जातंय. मग राज्याच्या परिषदेत नोंदणी. ती नसेल तर रुग्णाला हात लावायचा नाही. सरकारी जागा मोजक्याच आहेत, मुंबईत केईएम (तिथली फिजिओथेरपीची शाळा १९५३ ची), नायर, सायन, नागपूरचं मेडिकल. तिथे कटऑफ चढा असतो.

आता दुसरी बाजू. पहिल्या दोन वर्षांत खेळाचा ख सुद्धा नसतो. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, मग लकवा झालेले रुग्ण, अतिदक्षता विभागात कफ काढणं, लहान मुलांचे विकार. खेळाडू म्हणून आलेल्या मुली इथेच कंटाळतात. 'मॅडम, स्पोर्ट्स कधी येणार?' येतं, शेवटाकडे थोडं, आणि खरं येतं पदव्युत्तरला. माझा पहिला पगार १२,००० होता. संघाबरोबर फिरताना बसच्या मागच्या सीटवर बर्फाच्या पेटीशेजारी बसायचं, सगळे झोपले की दुसऱ्या दिवशीच्या टेप कापून ठेवायच्या.

तरी एक सांगते. चिकटपट्टीजवळ उभं राहून दुसऱ्याचे आकडे लिहिणं, हे मी माझ्या इंटर्न्सना शिकवून शिकवून थकते. त्यांना घाई असते मसाज शिकायची. एसीएलनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात सोडायचं नाही, आणि सोडायचं ते कॅलेंडर बघून नाही तर मोजून. मांडीची ताकद, एका पायाची उडी, दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के. पालक येतात, म्हणतात दुखत नाही ना, मग खेळू दे की. न दुखणं आणि तयार असणं यातला फरक समजावताना माझी अर्धी वर्षं गेली. तुमच्या मुलीला तो अठराव्या वर्षी समजलाय.

इव्हेंटवाला

उलट्या ठेवलेल्या माहितीपत्रकाबद्दल मी बोलतो. मी क्रीडा व्यवस्थापन केलंय.

लीग सुरू झाल्यापासून हे कोर्स पेव फुटल्यासारखे आले. काही ठिकाणी शिकवतातही चांगलं. मुंबईत नीलेश कुलकर्णीने काढलेली संस्था आहे, (तोच, ज्याने १९९७ ला कोलंबोत कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर विकेट काढली आणि मग श्रीलंकेने ९५२ केल्या. आमच्या धंद्याचं इतकं अचूक वर्णन दुसरं नाही.) पुण्यात सिम्बायोसिसचं क्रीडा विज्ञानाचं कॉलेज आहे. पण कोर्स कुठलाही असो, पहिलं काम काय मिळतं ते ऐका. गळ्यात अडकवायची ओळखपत्रं वाटणं. खेळाडूंच्या धुवायला टाकलेल्या कपड्यांची यादी. प्रायोजकाचा फलक कॅमेऱ्यात दिसतोय का हे बघायला उन्हात उभं राहणं. दोन वर्षं हेच. ज्याला माणसं सांभाळता येतात आणि रात्री दोनला फोन उचलता येतो तो वर सरकतो, पदवीचं नाव नंतर कोणी विचारत नाही.

आणि हंगाम केवढा? अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला मोसम २०२२ ला आमच्याच बालेवाडीत झाला. सहा संघ, १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर. बावीस दिवस! प्रत्येक संघाला फिजिओ लागतो, ताकदीचा प्रशिक्षक लागतो, व्हिडिओवाला लागतो, सगळं खरं. बावीस दिवसांनी ते सगळे आपापल्या घरी. उरलेले ३४३ दिवस काय करणार, हे ज्याच्याकडे आधीच ठरलेलं होतं तो टिकला.

माझं मत: व्यवस्थापन बारावीनंतर नको. आधी कॉमर्स किंवा काहीही साधी पदवी कमी फीत करा, मग हवं तर एमबीए.

रानजाई

इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. गुडघेदुखी मॅडम, तुमची पोस्ट तिला वाचून दाखवली. 'कफ काढणं' ऐकून तोंड वाकडं केलं, पण मग तासाभराने येऊन विचारलं की लकवा झालेल्यांना पण असंच मोजतात का.

क्रीडा विज्ञान आणि फिजिओ यात फरक काय, हे कोणी सांगेल का? पत्रकात तर दोन्हीकडे 'दुखापत व्यवस्थापन' लिहिलंय.

गुडघेदुखी

क्रीडा विज्ञानवाला न दुखावलेल्या खेळाडूला आणखी वेगवान करतो. दुखावलेल्याला उपचार देण्याचा परवाना त्याला नाही. पत्रकात 'दुखापत व्यवस्थापन' हा एक पेपर असतो, पेशा नव्हे. पुढे ताकद-कंडिशनिंगचा प्रशिक्षक व्हायचं असेल तर अमेरिकन सीएससीएस परीक्षा आपल्याकडे बरेच जण देतात, तिला पदवी लागते आणि सीपीआरचं प्रमाणपत्र. फी डॉलरमध्ये. फिजिओ करूनही ती देता येते. उलटं करता येत नाही.

आकडेमोड

मुलीला भागाकार आवडतो म्हणून मी मध्ये घुसतोय.

मी संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं, आता एका कबड्डी संघाचं व्हिडिओ विश्लेषण बघतो. 'स्पोर्ट्स अ‍ॅनालिटिक्स' नावाचा कोर्स केलेला नाही. चढाईपटू कोणत्या कोपऱ्यातून आत येतो, तिसऱ्या चढाईला काय करतो, हे हाताने टिपत बसायचं आणि मग त्यातून काही निघतं का बघायचं. कामाचा नव्वद टक्के भाग टिपणं, दहा टक्के हुशारी.

खो-खोत तर अजून मैदान मोकळं आहे. पेपरात काय येतं? '२.१० मि. संरक्षण, ३ गडी बाद'. बस्स. कुठल्या जोडीने किती वेळ काढला, खुंटावर किती गेले, आकाशीय सुरात (हवेत झेप घेऊन) किती, फसवा खो कितव्या चौकात चालतो, याची वही कुणाकडे आहे? असेल तर एखाद्या जुन्या प्रशिक्षकाच्या डोक्यात. मुलीला म्हणावं, आत्ता गुडघा बरा होतोय तोवर तिच्याच क्लबच्या सामन्यांची अशी वही घालून बघ. पदवी कशीही घे, ती वही दाखवून काम मिळेल.

फक्त बारावीला तिचं गणित होतं का? नसेल तर संख्याशास्त्राचं दार जवळजवळ बंद.

रानजाई

गणित होतं, चारही विषय होते. पण मार्क... असो.

पेन्शनर

सगळे पदवीबद्दल बोलत आहात, खेळण्याबद्दल कोणी बोलतच नाही!

मी बँकेतून निवृत्त. १९७९ ला बँकेने मला चढाईसाठी घेतलं आणि गुडघे गेल्यावर सह्या करायला बसवलं, पस्तीस वर्षं. कबड्डीने घर बांधलं माझं. ताई, मुलगी राष्ट्रीय खेळलेली आहे. आपल्या राज्यात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, १ जुलै २०१६ चा शासन निर्णय काढून वाचा. रेल्वे, पोलीस, सगळीकडे खेळाडू घेतात. नेमबाज स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकचं पदक घेऊन आला तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. धावपटू अविनाश साबळे सैन्यात. नेमबाज राही सरनोबत, धावपटू ललिता बाबर, दोघींना उपजिल्हाधिकारी केलं. या मंडळींना कोणी विचारलं का, तुमचा मेजर विषय कोणता?

तिला कोल्हापूरला घाला. शिवाजी विद्यापीठाचा खो-खोचा संघ तगडा असतो. साधं बी.ए. करू दे, सकाळ-संध्याकाळ मैदान. आंतरविद्यापीठला पदक आणलं की पुढचं दार उघडतं. पंचविशीपर्यंतच खेळता येतं तिथे, हे वय परत येत नाही.

शिट्टी

काका, मान्य, पण दोन टाचण्या टोचतो.

एक, ती उदाहरणं ऑलिंपिकची आणि आशियाई पदकांची. गट क साठी साधारण राष्ट्रीय पातळीचं पदक लागतं, नुसतं संघात असणं नव्हे. ताई, तिच्या राष्ट्रीयला संघाला पदक होतं का? होतं तर प्रमाणपत्रावर तिचं नाव आहे का, हे आज रात्रीच बघा. दुसरं, ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण बाहेर आल्यापासून पडताळणी कडक झालीय. विभागीय उपसंचालकांकडे मूळ प्रमाणपत्र, स्पर्धेचा अहवाल, सगळं जातं. जाहिरात निघाल्यावर पळापळ करू नका. माझ्या एका विद्यार्थिनीचं प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं होतं, त्यामागचा शिक्का दिसत नव्हता म्हणून तीन फेऱ्या झाल्या. लॅमिनेशन करू नका!

रानजाई

सर, पदक आहे. सुवर्ण. ती राखीव होती पण प्रमाणपत्रावर नाव आहे. आणि हो, लॅमिनेट केलंय. :(

शिट्टी

शिक्का पुढे असेल तर काळजी नाही. आणि अभिनंदन आहे की! 'बहुतेक वेळ राखीवमध्ये' असं लिहून सुवर्ण लपवलंत होय.

लालमाती

अवांतर, पण कोणी बोलणार नाही म्हणून बोलतो. खेळातला एक पेशा मातीचा आहे. मी राहुरीला कृषी केलं. आता एका क्रिकेट मैदानाची खेळपट्टी बघतो. आईवडिलांना वाटलं होतं कृषी अधिकारी होईल, नातेवाइकांत अजूनही 'मैदानावर पाणी मारतो' अशी ख्याती आहे.

पण पाणीच तर सगळं असतं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. लाल माती तेवढी फुगत नाही, म्हणून उसळी टिकते. सामन्याच्या दोन दिवस आधी मी किल्ली खेळपट्टीत दाबतो. किती आत गेली, काढल्यावर टोकाला माती चिकटली का, यावर रोलर किती वेळ फिरवायचा ते ठरतं. यंत्रंही आहेत, पण किल्ली खिशात असते. हे सगळं मी मृदाशास्त्राच्या दुसऱ्या सत्रात शिकलो होतो आणि परीक्षा झाल्यावर विसरलो होतो. बीसीसीआय क्युरेटरची परीक्षा घेतं, तेव्हा पुन्हा वह्या काढल्या.

ताईंच्या मुलीला हे नको असेल, कबूल. पण खो-खोची मैदानं कोण बघतं सांगा? तिचा पाय रुतला तो कशात? सामन्याआधी कोणीतरी एका बाजूला जास्त पाणी मारलेलं असणार.

रानजाई

लालमाती, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी थांबले. खरंच त्या दिवशी खुंटाजवळ ओल होती. आम्ही सगळ्यांनी नशिबाला दोष दिला होता.

सातासमुद्र

मी अमेरिकेत, मुलगा इथे हायस्कूल संपवतोय, म्हणून या विषयात डोकं घातलंय. इकडे 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' हा वेगळाच परवानाधारक पेशा आहे, प्रत्येक कॉलेजच्या संघाला असतो. पण त्याची प्रवेश-पदवी आता पदव्युत्तर झालीय, २०२२ नंतर बॅचलरला नवे प्रवेश बंद. फिजिओला पदवीनंतर तीन वर्षांची डॉक्टरेट. म्हणजे इथेही बारावीनंतर थेट काही नाही, चार वर्षं किनेसिऑलॉजी किंवा जीवशास्त्र आणि मग खरं शिक्षण. 'स्पोर्ट्स'चं नाव असलेल्या पदवीवर भारतातून एवढा खर्च करून इकडे यायचं असेल तर दहादा विचार करा.

बातमीदार

पत्रकारितेचा मार्ग कोणी विचारला नाही, बरं केलंत. तरी नोंदीसाठी: क्रीडा लेखक द्वारकानाथ संझगिरी सिव्हिल इंजिनिअर होते, मुंबई महापालिकेत. समालोचक हर्षा भोगले केमिकल इंजिनिअर, वर आयआयएम. आमच्या डेस्कवर क्रीडा पत्रकारितेची पदवी घेतलेलं कोणीही नाही. जो आहे तो बी.कॉम. आणि त्याला १९८३ च्या विश्वचषकाच्या सगळ्या सामन्यांचे गुणफलक पाठ आहेत.

खवट

म्हणजे मी म्हटलं तेच. इंजिनिअरिंग करा.

वकीलबाई

खवट :))

ताई, एक पैशांची गोष्ट, जी वर कोणीच लिहिली नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. विनाअनुदानित कॉलेजही चालतं. अभिमत आणि खासगी विद्यापीठं त्यात नाहीत. म्हणजे तुमच्या उलट्या पत्रकाला माफी नाही, फिजिओच्या विनाअनुदानित कॉलेजला केंद्रीय फेरीतून गेलात तर आहे. हॉस्टेल, जेवण वेगळं. कॉलेजनिहाय मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर बघा, कॉलेजच्या खिडकीवर सांगतील त्यावर जाऊ नका. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं आत्ताच काढायला टाका, निकालानंतर सेतूमध्ये रांग असते.

रानजाई

हे मला खरंच माहीत नव्हतं. ह्यांना वाचायला दिलं. दोनदा वाचलं, मग चष्मा काढून म्हणाले, "दाखला मी काढतो." आमच्या घरात याला होकार म्हणतात.

पेन्शनर

फिजिओला घालताय म्हणजे खेळ सुटला. आरोग्य विद्यापीठाच्या संघात तिची निवड पहिल्या दिवशी होईल, पण तो संघ कोल्हापूर-मुंबईपुढे किती टिकेल? आंतरविद्यापीठ पदक गेलं. माझं मत लिहून ठेवा.

गुडघेदुखी

काका, यावर मी वाद घालणार नाही, तुमचं बरोबर आहे. सकाळी आठ ते चार कॉलेज, ७५ टक्के हजेरी, नंतर वॉर्ड. माझ्या वर्गात एक राज्य पातळीची व्हॉलीबॉलपटू होती, दुसऱ्या वर्षी तिने बूट धाकट्या बहिणीला दिले. मुलीला हे आधी सांगा, ताई. गोड बोलून आत ढकलू नका. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर ती किती वर्षं वरच्या पातळीवर खेळेल, हा प्रश्न तिच्या सर्जनला तिच्यासमोर विचारा.

रानजाई

*(दीड महिन्यानंतर)*

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून.

नीटला मार्क बेताचेच आले. सर्जनना विचारलं, तिच्यासमोर. ते म्हणाले, खेळ, पण दुसऱ्यांदा तुटण्याची शक्यता धरून खेळ. ती घरी येईपर्यंत गप्प होती. त्या संध्याकाळी मैदानावर गेली, बाहेर बसून आली. आकडेमोड, तुमची वही तिने सुरू केलीय. शंभर पानी, आखीव. धाकट्या मुलींचे चार सामने झालेत. कुणीतरी पाणी मारलंय का हेही एका रकान्यात लिहिते, लालमातींना कळवा म्हणाली.

पेन्शनर काका, कोल्हापूरला जाऊन तिथल्या जिमखान्याच्या सरांनाही भेटून आलो. त्यांनी तिला घ्यायची तयारी दाखवली. दोन दिवस घरात कोणी काही बोललं नाही.

पहिल्या फेरीत सरकारी लागलं नाही, अपेक्षाही नव्हती. दुसऱ्या फेरीत घरापासून बसने तासाभरावरचं विनाअनुदानित फिजिओथेरपी कॉलेज लागलं. काल प्रवेश घेतला. शेवटची चाचणी परवा झाली, उजवा १५४, डावा १४१. ९१.६. सरांनी सोडलं. रविवारी क्लबकडून पहिला सामना आहे, ती म्हणते एकच डाव, तोही शेवटच्या तुकडीत.

आता ती शेजारी बसलीय, तिलाच लिहायचंय.

रानजाई

मी मुलगी. सगळ्यांचे आभार. गुडघेदुखी मॅडम, पहिल्या वर्षाला सगळी हाडं पाठ करावी लागतात म्हणे, ती खरी बघायला मिळतात ना? माझ्या सर्जनकडे प्लॅस्टिकचा गुडघा होता, त्याचा एक स्क्रू पडलेला, गुडघ्याची वाटी सतत हातात यायची.

पेन्शनर

बाळ, रविवारचा सामना कुठे आहे? मी येतो.

गुडघेदुखी

खरी मिळतात. आधी वास येतो, आठवड्याभरात येईनासा होतो. फक्त डबा खाण्याआधी हात दोनदा धू.